पालथे कॅन

द हेगमधल्या आमच्या लहानशा ऑफिसात मी नक्की काय काम करते, हे आईला समजावणं सोपं नव्हतं. मी सांगितलं, आफ्रिकेतल्या शेतीसाठी आणि अन्नधान्यासाठी मोठमोठ्या संस्था पैसे जाहीर करतात. ते खरोखर पोचले का, आणि पोचल्यावर तिथं काही उभं राहिलं का, यावर आम्ही लक्ष ठेवतो.

"म्हणजे भूमिपूजनानंतर पुढं काय झालं ते," आई म्हणाली. याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात केनियाच्या डोंगराळ भागातलं एक दूध संकलन केंद्र माझ्याकडे आलं. इमारत झाली होती. दूध थंड ठेवायचा मोठा कूलर यायचा होता. आमच्या अहवालात 'चालू' आलं तर कूलरचे पैसे सुटणार, 'बंद' आलं तर नाही. तिथं जाऊन आलेल्या माणसानं फोटो पाठवला होता. शटर खाली, कुलूप, आवारात चिटपाखरू नाही.

"बंद आहे," समोर बसणारी माझी वरिष्ठ म्हणाली आणि डब्यातला ब्रेड-चीज काढून जेवायला लागली. ती उत्तरेकडच्या फ्रीसलंडची, गाईगुरांच्या मुलखातली, निवृत्तीला आलेली. तिला नावानं हाक मारायची सवय लागायला मला फार वेळ लागला होता.

मी फोटो मोठा करून बघत राहिले. ओट्यावर ॲल्युमिनियमचे कॅन पालथे घातलेले, झाकणं शेजारी उन्हात मांडलेली. खालची फरशी ओली होती.

माझे वडील आमच्या गावच्या दूध संस्थेत कामाला होते. लोक सकाळी दूध घालून जायचे, टँकर जायचा, मग वडील कॅन गरम पाण्यानं धुऊन ओट्यावर पालथे घालायचे आणि शटर ओढून जेवायला यायचे. संध्याकाळच्या दुधापर्यंत तिथं कुणी नसायचं. आमच्या एका खोलीच्या घरात भावंडांच्या दंग्यात अभ्यास व्हायचा नाही, म्हणून तो ओटा माझा झाला. भूगोलाच्या पुस्तकातला आफ्रिकेचा नकाशा मी पहिल्यांदा तिथंच गिरवला. ओल्या फरशीला आंबूस वास यायचा. वडील जाता जाता म्हणायचे, "बाळ, कॅनला पाठ टेकू नको, तापलाय." आमच्या घरात कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलं नव्हतं. तरी तो ओटा माझ्यासाठी मोकळा ठेवायचा, एवढं त्यांना कळत होतं. दुपारी तिथं पत्ते खेळायला येणाऱ्यांना ते सरळ पिंपळाखाली पिटाळायचे.

एकदा जिल्ह्याहून एक साहेब भर दुपारी तपासणीला आले. "संस्था बंद का?" वडील जेवणावरून उठून, हात पुसत आले. "बंद नाही साहेब. म्हशी दुपारच्या देत नाहीत, त्याला मी काय करू?" साहेब हसले, माठातलं पाणी प्यायले आणि संध्याकाळी परत आले.

हे सगळं मी वरिष्ठेला सांगितलं.

"तुला घरची आठवण येतेय," ती म्हणाली. "अहवालात आठवण लिहिता येत नाही."

ते खरंच होतं. तरी मी म्हटलं, "बंद पडलेल्या केंद्रातले कॅन कोण धुतं?"

तिचा घास थांबला. तिनं स्क्रीन स्वतःकडे वळवला. "लहानपणी आमच्या शेताबाहेर रस्त्याच्या कडेला दुधाच्या कॅनचा लाकडी कट्टा होता," ती म्हणाली. "दुपारी तिथं कुणी दिसलं असतं, तर आईला वाटलं असतं चोर आलाय." मग हातावरचा चुरा झटकत म्हणाली, "चल, विचारू. पण तिथं दूध येतं त्या वेळी."

आमच्याकडे 'बंद'चं 'चालू' करायला दोघांनी बघावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पहिल्या ट्रामनं आले, ती सायकलवरून. ऑफिसातले सफाईवाले अजून काम उरकून गेले नव्हते. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनी व्हिडिओ कॉल उचलला आणि फोन फिरवला. शटर वर होतं. मोटारसायकलींना कॅन बांधलेले, बायकांची रांग, मध्ये घुसणाऱ्या कुणाला तरी सगळ्या मिळून झापत होत्या. कॅनमध्ये दूध ओतल्याचा तो भरीव आवाज आला आणि मी नोंद करायची विसरले.

"तो दुपारी आलेला पाहुणा तुमचाच का?" बाईंनी विचारलं. "मी म्हटलं होतं, सकाळी या. त्याला पुढच्या गावी जायची घाई." मग लगेच, "कूलर येतोय ना? टँकरला उशीर झाला की दूध नासतं."

"केंद्र चालू आहे असं आम्ही आजच लिहितो," वरिष्ठ म्हणाली. "मग पैसे सुटायला आमची अडचण नाही."

बाईंनी मान हलवली. आवाजावरून असेल किंवा चेहऱ्यावरून, मीही दुधाच्या गावची हे ओळखून त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे दूध किती वाजता येतं?"

"सकाळी सहाला," मी म्हणाले, "आणि संध्याकाळी सहाला."

वरिष्ठेनं माझ्याकडे पाहिलं. घरी जाताना मी सुपरमार्केटातून दुधाचं खोकं घेते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं 'चालू' लिहिलं, खाली आपलं नाव घातलं आणि माझं नाव घालायला कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.