गुरुजींच्या सायकलीची किंमत

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. मी फौजदार असताना अणदूरचे एक निवृत्त गुरुजी पोलीस ठाण्यात आले. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा परदेशात, घरात एकटे. मुलाची जुनी सायकल चोरीला गेली म्हणाले. फिर्यादीत मालाची किंमत लिहावीच लागते. विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच लिहा साहेब, मला न्हाई सांगता यायची." मी हजार रुपये लिहून मोकळा झालो.

संध्याकाळी, चोरीचं कळल्यावर, गुरुजींच्या मुलाचा परदेशातून फोन आला. सायकल टायटॅनियमची, शर्यतीची, आता सहसा न मिळणारी. त्यानं पुण्याचं गिऱ्हाईक लाखाच्या वर ठरवलं होतं आणि तो माणूस रविवारी न्यायला येणार होता. हे ऐकल्यावर मी खुर्चीत नीट बसलो. यात काही भूषण नाही.

दोन दिवसांनी खबर मिळाली. गावातल्या भंगारवाल्या चाचांच्या दुकानात, पोत्यांखाली सायकल होती. शनिवारी रात्री पंचनामा करून ती जप्त केली आणि रविवारी सकाळी चाचांना ठाण्यात बोलावलं. दोन तास बसवलं, आवाज चढवला. ते एकच सांगत राहिले, "साहेब, म्या चोर न्हाय. कुणी ठिवली ते सांगत न्हाय, जबान दिलीय." असलं आम्ही रोज ऐकतो. मी अटकेच्या तयारीला लागलो.

तेवढ्यात पुण्याचं गिऱ्हाईक आलं. म्हटलं, आलाच आहात तर खरी किंमत सांगा. त्यानं सायकल उलटी करून नंबर पाहिला, बॅटरी मारून सांध्यांवर तडे शोधले, चेनवरून बोट फिरवलं. मग टायर दाबून म्हणाला, "ह्यातली हवा दोन-तीन दिवसांत उतरते. ही कालच भरलेली आहे. आणि ह्या व्हॉल्व्हला साधा पंप बसत नाही."

चोरीच्या मालात हवा कोण भरतं? मी तडक गुरुजींच्या घरी गेलो. दाराआड बारीक तोंडाचा पंप उभा होता.

"गुरुजी, चाचांकडं हवा भरायला तुम्हीच जात होता ना?"

ते पलंगावर बसले. "चाचाला सोडा साहेब. त्याचा काय बी दोष न्हाई. मीच ठेवली तिथं." मग म्हणाले, "पोरगा दर रविवारी फोन करतो. हवा भरली का, चेन पुसली का, इचारतो. तेवढंच बोलणं असतं आमचं. सायकल गेल्यावर त्यो काय इचारणार?"

चाचांची मी हात जोडून माफी मागितली. खोट्या फिर्यादीबद्दल गुरुजींवर कारवाई करता आली असती. मी गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली आणि वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली. कोर्टाच्या हुकमानं सायकल परत मिळाली, तेव्हा मुलाचा शब्द पडू नये म्हणून गुरुजींनी स्वतःच ती गिऱ्हाइकाच्या गाडीत चढवली. पंपही देऊन टाकला.

त्या वेळी मला गुरुजींची कीव आली होती. म्हाताऱ्याचा हट्ट, असंही वाटलं होतं. माणूस कशाला धरून बसतो, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. तेही उशिरा.

आता मीही निवृत्त आहे. मुलगा बंगळुरूला असतो आणि त्याची जुनी मोटारसायकल माझ्या दारात उभी आहे. अधूनमधून त्याचा फोन येतो, "बाबा, गिऱ्हाईक मिळालं का?"

तिघं जण येऊन विचारून गेले. मी सांगतो, "अजून नाही रे. बघतोय."