सहा टक्के सावकाश

शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ह्यूस्टनजवळच्या मिझुरी सिटीतल्या घरात, जेवणाच्या टेबलापाशी बसल्या बसल्या शरयू टोणपेचा डोळा लागतो. समोर लॅपटॉप उघडा आहे. उजव्या हाताखाली पुठ्ठ्याचा चौकोनी डबा आहे, त्यात टेपचं रीळ. डबा १९९६ सालापासून बंद आहे.

लॅपटॉपवर पत्र आहे आणि पत्रात आतापर्यंत एकच वाक्य: 'होय, चूक माझीच होती.'

पत्र पाचच्या आत अटलांटाला पोचायला हवं. तिथली एक छोटी कंपनी 'नो पोर्च लाइट' हा गँगस्टा रॅपचा जुना अल्बम पुन्हा काढते आहे. गाणारा डीकन ब्रू. खरं नाव ल्यूशस ब्रूसार्ड. पिस्तूल, पांढरी पूड, पोलिसांचे झोत आणि तरुण पोरांच्या अंत्ययात्रा, सगळं दक्षिण ह्यूस्टनच्या चार रस्त्यांतलं. कॅसेट गाडीच्या डिकीतून विकली गेली. एका मासिकाने सात ओळींचं परीक्षण छापलं, त्यात 'झोपेची गोळी' असा शब्द होता. तेवढ्यावर अल्बम संपला. ल्यूशस तीन वर्षांनी संपला, बोमाँटहून परतताना, धुक्यात उभ्या ट्रकवर गाडी आदळून. वय सत्तावीस.

रेकॉर्डिंग शरयूचं होतं. मिरजेच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या टोणप्यांची ही मुलगी इंजिनियरिंग शिकायला ह्यूस्टनला आली आणि शिकता शिकता स्कॉट स्ट्रीटवरच्या, टायरच्या दुकानामागच्या स्टुडिओत कामाला लागली. अल्बमची मूळ टेप कारखान्यासाठी दुसऱ्या टेपवर उतरवायच्या आदल्या दिवशी तिने एक कडवं गंमत म्हणून संथ करून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने यंत्रं लावली, तेवढ्यात मिरजेहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात हलवलं म्हणून. 'आता फक्त बटण दाब,' असं ल्यूशसला सांगून ती बाहेर पळाली. सकाळी येऊन बघते तर गतीची खुंटी उणे सहावर. आदल्या दिवशीची खुंटी शून्यावर आणायची राहून गेली, असं तिने समजून घेतलं. तोवर उतरवलेली टेप कारखान्यात गेली होती. काळी दोनमधला अल्बम अर्धा स्वर खाली, पांढरी दोनमध्ये उतरून बाजारात आला.

तिने खुंटी गुपचूप शून्यावर आणली, मूळ टेपचा डबा चिकटपट्टीने बंद केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. ल्यूशसनेही कधी विषय काढला नाही.

आता अटलांटाचे वेंडेल प्रॅट लिहितात: गती चुकलेली दिसते, आम्ही ती सहा टक्क्यांनी वाढवून घेतो, तुम्ही पाचपर्यंत दुजोरा द्या. पुस्तिकेत 'ध्वनिमुद्रकाची चूक दुरुस्त केली आहे' अशी एक ओळ जाईल. जाता जाता एक प्रश्न: कॅसेटच्या आभाराच्या यादीत शेवटी 'सॅव्ही कॅश' असं नाव आहे, हा माणूस कोण? संग्राहक मंडळी वीस वर्षं भांडताहेत. कुणी म्हणतं, पडद्यामागचा निर्माता. कुणी म्हणतं, तुरुंगात गेलेला पूडवाला.

शरयूने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून लिहिलेलं नाही. पहिल्याच वाक्यावर तिचे डोळे मिटले आहेत.

एसीचा घुमारा काळी दोनमध्ये आहे. हे तिला आपोआप कळतं, लहानपणापासूनची खोड. मग घुमारा घसरतो, पांढरी दोनवर येऊन थांबतो. समोरच्या खुर्चीत ल्यूशस बसून उकडलेल्या शेंगा खातो आहे.

"मीठ कमी पडलंय की," तो म्हणतो. "काय ओ मिस शरयू, एवढं काय लिहायलाय?"

तो मिरजेच्या माणसासारखं मराठी बोलतो आहे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. वावगं एवढंच, की शेंगांची टरफलं तो टेपच्या डब्यावर टाकतो आहे.

"डब्यावर नको टाकूस."

"नियम आठवतो मला. यंत्राजवळ खाणं नाही, पिणं नाही, ओरडणं नाही."

"ओरडायला कधी बंदी होती? काचेपलीकडे पोटभर ओरडायचास."

तो लॅपटॉप आपल्याकडे वळवतो आणि तिचं वाक्य मोठ्याने वाचतो, बोटाने टेबलावर ठेका धरून. पुन्हा एकदा वाचतो. मान हलवतो.

"यमक जुळत नाही."

"कबुलीजबाबाला यमक लागत नाही."

"माझ्या पेशात लागतं. आणि कसली चूक म्हणायची ही?"

"गतीची. खुंटी उणे सहावर राहिली. तुझा अल्बम बुडाला, ल्यूशस. झोपेची गोळी म्हणाले त्याला."

"ते मासिक बंद पडलं," ल्यूशस म्हणतो. "माझा अल्बम चालू आहे."

ती लॅपटॉप परत ओढायला हात पुढे करते आणि हाताला यंत्राचं गार ॲल्युमिनियम लागतं. टेबल नाही. स्टुडिओ आहे. भिंतीपलीकडे टायरवाल्याचा पंप धापा टाकतो आहे, काचेवर तेच जुनं बोटांचं धुकं. दोन्ही यंत्रं लावून तयार आहेत. फोन वाजतो. मिरजेहून आहे, हे तिला माहीत आहे.

"जा," ल्यूशस म्हणतो. "तेव्हाही गेला होतात. फक्त ह्या खेपेला दारातून मागं वळून बघा."

ती दारापर्यंत जाते आणि वळते.

आत चोवीस वर्षांचा पोरगा उभा आहे, पांढऱ्या बनियनवर, गळ्यात साखळी. तो तळहात पँटला पुसतो. ओल्या हाताने यंत्राला शिवायचं नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. मग तो खुंटी दोन बोटांत धरतो आणि एकेक खूण मागे नेत मोठ्याने मोजतो, तिच्याकडून शिकलेल्या आकड्यांत.

"एक. दोन. तीन. च्यार. पाच."

जरा थांबतो. दाराकडे बघतो, कुणी नाही ना.

"सहा."

आणि बटण दाबतो.

"तू?" शरयू म्हणते.

"मग काय टायरवाला?"

"का पण?"

"आठ महिने काचेपलीकडून तुम्ही मला एकच शब्द ऐकवला. आठवतो?"

तिला आठवतो. तो सुसाट सुटायचा, एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू. शरयू इंग्रजीत समजावून थकायची आणि मग माइकचं बटण दाबून जे तोंडात येईल ते बोलायची. तोंडात एकच यायचं. सावकाश.

"मला वाटायचं, तुमच्याकडं मोठ्या गाणाऱ्यांना असं म्हणत असतील. सॅव्ही कॅश! मी खूश." तो हसतो. "चार महिन्यांनी कळलं की बाई मला हळू चल म्हणताहेत."

"म्हणून यादीत?"

"तुमचं खरं नाव छापणार होतो. तुम्हीच म्हणालात नको, असल्या शिव्यांच्या कॅसेटवर नाव बघून मिरजेत काय म्हणतील. मग जो शब्द तुमचा होता तो छापला."

"आणि खुंटी?"

ल्यूशस टरफल मिटतो, उघडतो.

"मला सारखं वाटायचं, कुणीतरी मधेच बंद पाडणार. म्हणून पळायचो. आदल्या दिवशी तुम्ही ते कडवं संथ करून ऐकवलं ना, पोर्चवरच्या रिकाम्या खुर्च्यांचं? एक खुर्ची टेरेलची, एक डूकीची. पहिल्यांदा मला खुर्च्या दिसल्या. गेलेली पोरं दिसली बसलेली. मी स्वतः लिहिलेलं, आणि मलाच दिसत नव्हतं. म्हटलं, सगळंच असं जाऊ दे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही का नाही विचारलं?"

"मला वाटलं, तुला चूक कळली आणि तू मोठ्या मनाने गप्प बसलास."

"मला वाटलं, एवढा कान असलेल्या बाई, ह्यांना कळलंच असणार. मोठ्या मनानं गप्प बसल्या."

शरयूला हसू फुटतं. अठ्ठावीस वर्षं छातीत वळून ठेवलेलं काहीतरी त्या हसण्याबरोबर सुटतं आणि ती यंत्राला टेकून पोट धरून हसते. स्टुडिओच्या भिंतीवरचा आवाज शोषणारा स्पंज आता भोपळे झाला आहे. सुकत टांगलेले सतारीचे भोपळे, आढ्यापासून खालपर्यंत. मागच्या दारातून ऊन येतं आणि दार मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उघडतं.

ओट्यावर उस्मानचाचा बसले आहेत. मांडीवर तंबोरा, हातात कानस. तारांखालच्या घोडीवर जवारी काढताहेत. तारेला ती झणझण यायला हाडाची घोडी केसाएवढी घासावी लागते, आणि केसभर जास्त गेली की सगळं वाया. शरयू लहानपणी तासन्‌तास ह्या ओट्यापाशी उभी राहायची. सावकाश हा शब्द तिने इथूनच उचलला. चाचा तो कानशीला उद्देशून म्हणायचे.

गल्लीच्या तोंडाशी पहिली गाडी वळते. लांबलचक, जांभळ्या रंगाची, मुरलेल्या मुरंब्यासारखी चकाकणारी. मागे लाल. मागे हिरवी. डिक्या वर उघडलेल्या, डिक्यांत कपाटाएवढे स्पीकर, आणि सगळ्यांत एकच अल्बम, सहा टक्के सावकाश. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी राहतात. स्कॉट स्ट्रीटची आहेत, मिरजेचीही आहेत. टोप्या आहेत, पदर आहेत. कुणी नाचत नाही. सगळे नुसते मान डोलवताहेत, एका वेळी, एका दिशेला. ल्यूशसचा आवाज गल्लीतून असा चालतो की प्रत्येक ओळीला बसायला जागा मिळते. खालच्या पट्टीने गाड्यांच्या नंबरपाट्या थरथरतात आणि त्यांतून एक बारीक, गोड झणझण उठते.

उस्मानचाचा कानस बाजूला ठेवतात. कान देतात.

"लागली," ते म्हणतात. "जवारी लागली."

एवढं ते आयुष्यात फार थोड्या वाद्यांना म्हणाले होते.

ल्यूशस जांभळ्या गाडीच्या टपावर चढला आहे. "कुणी केली ही?" तो ओरडून विचारतो, आणि सगळी गल्ली, चाचांसकट, एका आवाजात उत्तर देते. तिचं नाव घेते. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि कुणाचाही उच्चार चुकत नाही.

तो खाली उतरतो. खिशातून टेपवर खुणा करायची पिवळी मेणाची पेन्सिल काढतो, तिचा डावा अंगठा धरतो आणि नखाशेजारी एक जाड रेघ ओढतो.

"मतदानाला बोटाला लावतात तशी," तो म्हणतो. "झालं तुमचं मत. आता ते पत्र खोडा."

"पुरावा काय देऊ? स्वप्नात आलास म्हणून सांगू?"

"लाल शेपटी बघा. मी काही लिहिल्याशिवाय थांबणारा माणूस आहे का?"

"ल्यूशस, थांब जरा."

"सावकाश," तो म्हणतो, तिच्याच सुरात. गाडी वळते, आणि एसीचा घुमारा अर्ध्या स्वराने वर चढतो.

तीन वाजून पस्तीस मिनिटं. काळी दोन.

टेबलावर टरफलं नाहीत. डाव्या अंगठ्याच्या नखाशेजारी पिवळी रेघ आहे.

शरयू ती काही वेळ बघते. मग डब्यावरची जुनी चिकटपट्टी चाकूने कापते. टेप शेवट बाहेर ठेवून गुंडाळलेली असते, तशी तिची शिस्तच होती; म्हणून सगळ्यात वर टेपच्या शेवटाला जोडलेली लाल पट्टी आहे. ती पट्टी बोटभर सोडवते. उलट्या बाजूला, पिवळ्या मेणाच्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे: SAVVY CASH. पुढे खाली दाखवणारा बाण आणि सहाचा आकडा.

ती पत्रातलं वाक्य खोडते आणि अटलांटाला फोन लावते.

"मिस्टर प्रॅट, गती बदलायची नाही. ती चूक नव्हती. ल्यूशसने स्वतः केलं होतं."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"हो. टेपवर लिहिलेलं आहे." ती पट्टीचा फोटो पाठवते.

फोटो पोचतो. मग प्रॅट म्हणतात, "मिस टोणपे, हे अक्षर तुमचंही असू शकतं."

"नाही. माझा एस असा पोट सुटलेला नसतो."

ते हसतात. "आणि सॅव्ही कॅश? तो कोण, हे तरी सांगा. माझ्या घरात ह्यावरून पैज लागली आहे."

"लिहून घ्या," ती म्हणते. "माणूस नाही, शब्द आहे. मराठी आहे. सा-व-का-श." ती अर्थ सांगते. प्रॅट दोनदा म्हणून बघतात. दोन्ही वेळा घाईत म्हणतात.

"नाही, नाही," शरयू म्हणते. "असा नाही म्हणायचा."

चार वाजून बावन्न मिनिटांनी प्रॅट यांचा मेल येतो. चूक दुरुस्त केल्याची ओळ तूर्त काढली आहे. गतीचा निर्णय टेप ऐकल्यावर होईल. मंगळवारी कुरिअर पोचेल, बुधवारी सकाळी दहा वाजता टेप यंत्रावर चढेल. शेवटच्या गाण्यानंतर त्यावर आणखी काही असलं, तर तेही तेव्हाच ऐकू येईल.

शरयूने डबा बांधायच्या आधी लाल पट्टीवरची अक्षरं उजव्या हाताच्या बोटाने घासून बघितली. अठ्ठावीस वर्षांचं मेण कडक झालं आहे; बोटाला काहीही लागलं नाही. तसली पेन्सिल त्या घरात नाही. डावा अंगठा साबणाने दोनदा धुतला आहे. रेघ अजून आहे.