अण्णांच्या लॉगिनचा कीबोर्ड

आष्ट्याच्या आमच्या शेतकरी सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच, लॉगिन दोन. एक माझं, एक हेडक्लार्कचं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा ऑफिसात कधी चहा घेत नसत. "घरनं पिऊन आलोय," हे ठरलेलं उत्तर. सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरत. मला वाटायचं, जुन्या माणसाची ऐट.

एकदा ते रजेवर असताना त्यांच्या लॉगिनमधली ऊसनोंदीची यादी काढायला बसलो, तर कीबोर्ड चालेना. माझ्या लॉगिनमध्ये तोच कीबोर्ड झकास. बरीच शोधाशोध केल्यावर सापडलं. बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटू नये, अशी सेटिंग फक्त त्यांच्याकडे चालू होती. मी ती बंद केली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत सांगितलं, "अण्णा, तुमचा कीबोर्ड नीट केला."

"व्हय? बरं केलंस," म्हणत ते टाइप करू लागले.

स्क्रीनवर एकेक अक्षर दोन-दोनदा, तीन-तीनदा उमटत गेलं. काउंटरवरचा शेतकरी हसला, "आवं अण्णा, माजं नाव लय लांबलं की!"

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती थरथरत होती. अण्णांनी हात टेबलाखाली घेतला.

"तूच बस रं. तुजं बिगीनं हुतंय."

दुपारी मी सेटिंग पुन्हा चालू केली, पण त्यांना सांगायचा धीर झाला नाही. निवृत्त होईपर्यंत अण्णा कॉम्प्युटरच्या खुर्चीवर पुन्हा बसले नाहीत.

त्यांचं लॉगिन मी अजून काढलेलं नाही. कधीतरी उघडतो, एक बटण दाबून धरतो आणि अक्षर उमटेपर्यंत थांबतो.