अध्यक्षांच्या आवाजातला सिनेमा

आमच्या अंबरनाथच्या फिल्म सोसायटीत इंग्रजी सिनेमा नुसता दाखवत नसत. अध्यक्ष टीव्हीशेजारी माइक घेऊन उभे राहत आणि चालू सिनेमाचं मराठी करून सांगत. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ते मोठे अधिकारी होते. इंग्रजी चांगलं होतं आणि माइक खाली ठेवायची सवय नव्हती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका मासिकात वाचलं, की अमेरिकेत काही काळ्या बायका मागून आणलेल्या कॅमेऱ्यांवर स्वतःचे सिनेमे काढताहेत. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या काळ्या बायकांचे, त्यांच्या संसाराचे. मुंबईतल्या एका परदेशी ग्रंथालयात तशी एक कॅसेट होती. ती फक्त संस्थांना मिळे, तीही एका दिवसापुरती. म्हणून चार महिने मी सोसायटीच्या मागे लागले.

मी आणि माझी मैत्रीण तेव्हा नऊ वर्षं बदलापुरात, मांजर्लीला एकत्र राहत होतो. ती उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवायची, मी अंबरनाथला एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. घरमालक आम्हाला 'दोघी मॅडम' म्हणे. आम्ही स्वतःला काहीच म्हणत नव्हतो. अशा दोघी भांडतात कशा आणि भांडून पुढे एकत्र राहतात का, एवढं एकदा पडद्यावर पाहायचं होतं.

अध्यक्षांनी होकार दिला तो वेगळ्याच कारणानं. "तुमच्या लोकांना हा विषय जवळचा वाटेल, ताई," ते म्हणाले. माझं घर बौद्ध. काळ्यांच्या लढ्याच्या गोष्टी मी वस्तीतल्या सभांमध्ये लहानपणीच ऐकल्या होत्या. पण कॅसेट येत होती, मी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी पुढे बसले, मैत्रीण मागे कुठेतरी. दीपप्रज्वलन झालं. मग वर्णद्वेष म्हणजे काय, यावर वीस मिनिटं भाषण झालं, अधूनमधून माझ्याकडे बघत.

सिनेमा सुरू झाला. छोट्या स्वयंपाकघरात एक बाई दुसरीच्या वेण्या घालत होती. "या दोघी जिवलग मैत्रिणी," माइक म्हणाला. एकीनं दुसरीचं चुंबन घेतलं. "तिकडे असं स्वागत करण्याची पद्धत आहे." मग मोठं भांडण झालं. जेवढं कानावर पडलं त्यावरून, एकीनं आपल्या आईला काही सांगितलं नव्हतं. "घरगुती अडचणींवर विचारविनिमय चालू आहे." मी सेक्रेटरींना टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितलं. त्यांनी वाढवला, आणि न्याय म्हणून माइकचाही वाढवला.

शेवटी एक बाई सूटकेस घेऊन जिन्यात उभी होती. दुसरी तिच्याशी बराच वेळ बोलली. त्या सबंध बोलण्यावर अध्यक्षांनी मानवतेचा विजय पसरवला. मग नावं आली.

चर्चेत मी उभी राहिले. "त्या मैत्रिणी नव्हत्या, सर."

"मग कोण होत्या, ताई?" त्यांनी खरंच विचारलं, आणि माइक माझ्या हातात दिला.

समोर साठेक माणसं. तीन माझ्या लॅबमधली. दुसऱ्या रांगेत तिच्या शाळेचे ट्रस्टी.

"एकत्र राहत होत्या," मी म्हणाले.

"तेच तर. मैत्रिणी." त्यांनी माइक परत घेतला आणि आभार सुरू केले.

घरी दार लावल्यावर ती म्हणाली, "माइक हातात होता तुझ्या."

मी ट्रस्टींचं नाव घेतलं.

"मी त्यांच्याच मागे बसले होते. दिसत होते मला." तिनं चप्पल काढली. "आणि ती जिन्यात काय म्हणाली गं? गेली का राहिली?"

मला ऐकू आलं नव्हतं. पुढे बसून काय केलंस मग, असं तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून सेक्रेटरींना फोन केला, तर कॅसेट सकाळीच परत गेली होती. पुन्हा मागवा म्हटलं, तर एकदा दाखवलेला सिनेमा पुन्हा न दाखवण्याचा नियम निघाला. मग मी अध्यक्षांनाच विचारलं, ती बाई शेवटी काय म्हणाली. त्यांनी थोडा विचार केला.

"मी बोलत होतो ना तेव्हा," ते म्हणाले, "लक्ष नव्हतं."

हे मी तिला सांगितलं नाही. राहिली, असं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू ऐकलंस, की तो अध्यक्ष म्हणाला?"