चंदूचा जोडीदार

माझ्या लेकीने, मुक्ताने, पाळलेला पांढरा उंदीर चंदू सगळ्यांना चावतो. पिंजऱ्यात हात घालायची सोय नाही. दुकानदार म्हणाला, "एकटा आहे म्हणून चिडतो. जोडीदार आणा, निवळेल."

म्हणून तिने एक करडं पिल्लू आणलं. एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून आठवडाभर दोन्ही पिंजरे शेजारी ठेवले. काल दुपारी दोघांना न्हाणीघराच्या कोरड्या फरशीवर सोडलं. चंदू केस फुलवून तिरका तिरका चालत आला. पिल्लू लगेच उताणं पडलं, पोट उघडं टाकून. शरण जाण्याची ती त्यांची रीत. तरीही चंदूने त्याचा कान फाडला.

निवळेल. हा शब्द मी पूर्वी ऐकला होता. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाई माझ्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "जरा तापट आहे, पण बायको आली की निवळेल." सगळ्यांना मुलाची काळजी होती. जिला आणायचं तिचं काय होईल, हे त्या बैठकीत कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी चहा देत होते.

टॉवेल टाकून मी पिल्लाला उचललं. त्याचं काळीज माझ्या मुठीत धडधडत होतं.

"आई, अजून थोडे दिवस बघू या ना," मुक्ता रडवेली होऊन म्हणाली. "होईल सवय."

"होते," मी म्हणाले. "पण चावणाऱ्याला नाही, चावून घेणाऱ्याला."

बाहेरच्या खोलीत तिच्या बाबांनी पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.