साध्या पाण्याचा पेला

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशीच म्हणत. बारा वर्षं तिचं काम एकच: डासांच्या अळ्या मोजायच्या. औषधी झाडपाल्याचा अर्क पेल्यांत घालायचा, प्रत्येकात पंचवीस अळ्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकेकीला सुईच्या टोकानं डिवचायचं. हलली तर जिवंत, नाही तर मेली. "आई, तू यमाची कारकून आहेस," मुलगी चिडवायची.

आता पाळी निर्गुडीची होती. मुदत संपण्याआधीची ही शेवटची चाचणी. फसली तर प्रकल्प बंद, आणि मावशीची नोकरीही.

सकाळी ती मोजायला बसली. अर्काच्या पेल्यांत एकही अळी हलेना. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं शेवटचा पेला ओढला. त्यात नुसतं पाणी होतं. तिथल्या अळ्या जगल्या, तरच बाकीच्या अर्कानं मेल्या असं म्हणता येतं. पाचापर्यंत मेल्या तर चालून जातं.

अकरा मेल्या होत्या. तिनं पुन्हा डिवचून पाहिलं. अकराच.

मग कालची सकाळ आठवली. मुलगी नुकतीच डासाच्या तापातून उठलेली. तेव्हापासून तिच्या हातापायांना डास पळवायचं तेल चोळल्याशिवाय मावशी घर सोडत नसे. "पुरे गं, मी काय दाराची बिजागरी आहे?" मुलगी करवादली होती. त्यात उशीर झाला, हात धुवायचे राहिले. आणि या पेल्यात पडलेला कापसाचा धागा तिनं बोटानंच काढला होता.

शेजारच्या ताटात शेकडो अळ्या वळवळत होत्या. अकरा बदलल्या तर कुणाला कळणार होतं? तिनं ड्रॉपर उचललाही. पण उद्या कुणी आई हा अर्क घरच्या पिंपात टाकून निर्धास्त झोपली असती. मावशीनं ड्रॉपर खाली ठेवला.

प्रकल्प चालवणाऱ्या मॅडम आत आल्या. "काय मावशी, किती गारद?"

"अर्कातल्या सगळ्या. आणि साध्या पाण्यातल्या अकरा."

मॅडमनी तो पेला उजेडात धरून पाहिला.

"माझ्या हाताला तेल होतं, मॅडम. डासांचं. पोरीला लावलं होतं."

"म्हणजे तेल तरी चांगलं आहे म्हणायचं," मॅडम हसायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

महिनाअखेरीस खोलीला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं मुलीला तेल चोळलं.

"आई, हात धू हं," मुलगी हळूच म्हणाली.

तिनं धुतले, साबण लावून, सावकाश. आता कुठे पोचायचं नव्हतं.