उनाचा रकाना

पिकअप दारात हॉर्न वाजवून राह्यली अन् खोलीत डाळीचं एक पोतं नाई. कडेवर माहं सात महिन्याचं लेकरू रडून राह्यलं, हातात टॅब, टॅबात लिवलेलं 'तयार माल, बारा पोते', अन् बाराही पोत्याची तूर वर गच्चीवर, कालच वाळू घातलेली. डायवर म्हने, "बाई, भरा लवकर, मंगरूळपीरले उद्या लगन हाये, आचारी वाट पाहून राह्यला." थे बारा पोते म्याच लिवले होते नं.

आमचा केनवडचा बायांचा डाळीचा गट. तुरीले तेल-पानी लावाचं, गच्चीवर चार दिवस उनात वाळवाची, मंग मशीनवर भरडाची. पन तूर एकदा गच्चीवर चढली का बाया म्हनते, "झाली व डाळ." माही माय बी असंच म्हने, सासू बी. टॅबात रकाने दोनच, कच्चा माल अन् तयार माल. मी आठवी शिकेल, मोबाईल चालवता येते म्हनून टॅब माह्या हाती आला. मले वाटलं, कच्ची त नाई राह्यली, मंग तयारच. टॅबात लिवलेलं गिऱ्हाइकाले फोनात दिसते; तिकडं आचाऱ्यानं पाह्यलं अन् गाडी धाडली.

आता मावशीले काय सांगू?

रुखमामावशी म्हंजे गटाची अध्यक्ष. साठीच्या वर, हाताले सदा तेलाचा वास, शाळा दुसरी. तिनं खोलीच्या भिंतीवर गेरूनं तीन ओळी लिवून ठेवल्या. डाळ उनातलीच. बाई दिवस बुडाच्या आंदी घरी. शब्द देला का पाळाचा. कोनी मशीन विकाले आला का मावशी त्याले चा देते अन् भिंतीपुढं उभा करते. "वाच. आता सांग, तुही मशीन यातल्या कोनत्या ओळीच्या कामाची?"

एक सायब तूर वाळवाचं मशीन घेऊन आला होता. म्हने, "तीन घंट्यात वाळते मावशी. जमाना बदलला, टेक्नॉलॉजी घ्याच लागते."

"घेतो नं बापा. भरडाची मशीन घेतली, तिच्यानं बाया उजेडी घरी जाते. टॅब घेतला, गिऱ्हाइकाले खरं समजते, शब्द राह्यते. तुही मशीन त आमची पयलीच ओळ खाते. मंग आमी विकाचं काय?"

सायबाचा चा तसाच थंडा झाला. मी दाराआड उभी होती, मले वाटलं, एवढ्या शिकलेल्या मानसाले हे बाई असं कसं इचारू शकते!

अन् आता त्याच टॅबानं शब्द मोडला होता. माह्या बोटानं.

मावशी गच्चीवरून उतरली. म्या रडत रडत सांगतलं. शेवंताकाकू, गटातलीच, म्हने, "बजारातली डाळ आनू अन् आपल्या पोत्यात भरू. लगनाच्या वरनात कोनाले समजते? नाई त शब्द जाते व मावशी."

मावशी भिंतीपुढं जाऊन उभी राह्यली. लोकायले उभं करे थे बाई, त्या दिवशी सोता उभी. मंग तिनं आचाऱ्याले फोन लावला. "भाऊ, आमची डाळ तयार नाई. चूक आमची. लगन अडू नये म्हनून बजारची आनतो, पन पोत्यावर आमचं नाव नाई राह्यनार. चालते का?" तिकडून लय शिव्या आल्या असतील, मावशी नुसती "हो भाऊ, हो भाऊ" करे. आखरीले थो हो म्हने, मंग बजारच्या डाळीचे बारा पोते भरले अन् मावशी डायवरच्या बाजूले चढून बसली. आचाऱ्याले समोर जाऊन चूक सांगाले गेली. त्या दिवशी दुसरी ओळ तिनं सोताच मोडली, दिवस बुडल्यावर घरी आली.

आचाऱ्यानं डाळ घेतली, पन मंग काई पुन्हा गाडी धाडली नाई.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच टॅब घेऊन गेली. "मावशी, हा दुसरीले दे. मले गटातून काढ."

"पुजे, तू खोटं लिवलं का व?"

"नाई मावशी."

"मंग कायले रडतं? यात उनाले जागाच नाई. ज्यानं बनोला त्यानं आपली गच्ची कुठं पाह्यली!"

तिनं टॅबवाल्या सायबाले बोलावलं, भर दुपारी गच्चीवर नेलं. "चप्पल काढा बापा, तूर हाये." सायब एका पायावर नाचे. मावशी म्हने, "हे चार दिवस तुमच्या टॅबात कुठं हायेत?"

सायबानं घाम पुसत वही काढली. "कसा रकाना पायजे, सांगा मावशी."

"मले नोका इचारू. हिले इचारा. चुकली हे, त हिलेच मालूम कुठं चुकते."

म्या सांगतलं, गच्चीवरची तूर लिवाले येगळी जागा पायजे. आता टॅबात तीन रकाने हायेत, मदातला 'उनात'. त्या दिवशी मावशीनं माहं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं अन् टॅब माह्या हाती देला. म्हने, "लिव."

एवढं मोठं गिऱ्हाईक माह्या एका बोटानं गेलं होतं. तुमीच सांगा, मावशीच्या जागी तुमी असते, त टॅब कोनाच्या हाती देला असता?